खेळ गेला, नाव राहिले

नाशकात रिक्षात बसावे आणि ‘गोल्फ क्लब’ एवढे दोनच शब्द उच्चारावेत. रिक्षावाला पुढे चकार शब्द न विचारता गाडी सुरू करतो. त्या ठिकाणी गोल्फ खेळताना त्याने कोणाला पाहिलेले नसते, त्याच्या वडिलांनीही पाहिलेले नसते. तिथे पहाटे फिरणारी मंडळी असतात, कडेच्या मार्गावरून धापा टाकीत पळणारी तरुण मुले असतात, रविवारी क्रिकेट असते. रणजी करंडकाचे सामनेही त्या मैदानाने पाहिले आहेत. नसतो तो फक्त गोल्फ.

गेल्या दिवाळीत आमची पुण्याची नात आली होती. वय वर्षे नऊ. म्हणजे ज्या वयात माणूस खरे प्रश्न विचारतो आणि खोट्या उत्तरांनी समाधान पावत नाही, ते वय. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले, फराळाची पहिली फेरी झाली आणि आम्ही दोघे पाय मोकळे करण्यास मैदानाकडे निघालो.

“आजोबा, इथे गोल्फ कुठे खेळतात?”

“इथे कोणी गोल्फ खेळत नाही, बाळ.”

“मग क्लब कुठे आहे?”

“तोही आता नाही.”

“मग नाव का आहे? आणि कागदावर तर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान लिहितात. खरं नाव कोणतं?”

मी घसा खाकरला. आमच्या पिढीला घसा खाकरून वेळ मारून नेण्याची विद्या चांगली अवगत आहे. पण या वेळी ती उपयोगी पडली नाही. घरी येऊन मी जुनी पुस्तके काढून बसलो. चार दिवसांची दिवाळी संपली, नात पुण्याला गेली, आणि मी मात्र त्या गोल्फच्या चेंडूमागे फिरतच राहिलो. जे हाती लागले ते आज वाचकांपुढे ठेवतो.

गोल्फचे माहेर स्कॉटलंड. समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधोमध जी वाळूची, खुरट्या गवताची, नांगराला निरुपयोगी अशी पडीक पट्टी असते, तिला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. तिथे मेंढ्या चरत आणि माणसे काठीने चेंडू टोलवीत. हे वेड इतके वाढले की १४५७ साली राजा दुसरा जेम्स याच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण काय? तर तरुण मंडळी धनुर्विद्येचा सराव सोडून चेंडूमागे धावू लागली. उद्या इंग्रज चालून आला तर लढणार कोण? पुढे इंग्लंडशी तह झाला, आणि १५०२ साली चौथ्या जेम्सने स्वतःसाठी गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या. त्याही एका धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून! ज्या धनुष्यासाठी खेळ बंद झाला, त्याच धनुष्यवाल्याच्या घरी शेवटी खेळाच्या काठ्या घडल्या. बंदी घालणाऱ्यांनी ही गोष्ट गाठीस बांधून ठेवण्यासारखी आहे.

१७४४ साली एडिंबरोजवळच्या लीथ गावी काही सद्गृहस्थांनी या खेळाचे तेरा नियम लिहून काढले. सेंट अँड्रूज या गावी आरंभी एका फेरीत बावीस भोके मोजली जात. १७६४ साली त्यांनी पहिल्या चार भोकांची दोन केली. जाताना आणि येताना तीच भोके लागत असल्यामुळे बाविसाची संख्या अठरावर आली. आज साऱ्या जगात गोल्फची फेरी अठरा भोकांची असते, ती एका गावच्या या सोयीमुळे. शास्त्रार्थ शोधू नये. रूढी अशाच पडतात.

हे स्कॉट लोक कंपनी सरकारच्या नोकरीत हिंदुस्थानात आले, ते आपला खेळ बरोबर घेऊनच. १८२९ साली कलकत्त्यास गोल्फ क्लब निघाला. ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा हा जगातला सर्वांत जुना क्लब. १८४२ साली मुंबईने त्याचे अनुकरण केले. मुंबईहून घाट चढून वर यावे तर नाशिक. हवा थंड, जमीन मोकळी, रेल्वेची सोय, आणि हाकेच्या अंतरावर देवळालीची छावणी. साहेबाला आणखी काय हवे? ‘रॉयल वेस्टर्न इंडिया गोल्फ क्लब’ असे भरघोस नाव धारण करणारी संस्था आपल्या या नाशकास होती. ‘रॉयल’ हे बिरुद कोणासही आपल्या मनाने लावता येत नसे. ते राजाकडून मिळावे लागे. रामाच्या गावाला राजाचा खेळ आला तो असा.

आता खेळ म्हणजे नेमके काय, ते सांगितले पाहिजे. कारण आमच्या घरातही ‘त्या गाडीत बसून फिरतात तो खेळ ना?’ असा प्रश्न आलाच.

आपण लहानपणी गोट्या खेळलो आहोत. जमिनीत एक गल खणायची आणि गोटी तीत घालायची. गोल्फ म्हणजे अठरा गलींचा गोट्यांचा डाव. फरक इतकाच की एकेक गल एक-दोन फर्लांग अंतरावर आणि बोटाऐवजी हातात काठी. चेंडू सेहेचाळीस ग्रॅमांच्या आत-बाहेर, आणि भोक सव्वाचार इंच रुंद; हे माप १८९१ साली कायमचे ठरले. जिथून पहिला टोला मारायचा ती जागा ‘टी’. तिचा आपल्या चहाशी काही संबंध नाही. तिथून भोकापर्यंत नीट कापलेल्या गवताचा जो लांब पट्टा जातो तो ‘फेअरवे’. त्याच्या दोन्ही बाजूंना वाढू दिलेले गवत आणि झुडपे म्हणजे ‘रफ’. वाटेत मुद्दाम केलेले वाळूचे खड्डे म्हणजे ‘बंकर’. आणि शेवटी गालिच्यासारखे मऊ गवत, त्यात भोक, भोकात निशाण, ते ‘ग्रीन’. मात्र जिथे पाण्याची टंचाई तिथे हिरवे गवत कोठून आणावे? म्हणून हिंदुस्थानातल्या कित्येक कोरड्या ठाण्यांत वाळूत तेल कालवून ती जागा दाबून घेत आणि तिला ‘ग्रीन’ऐवजी ‘ब्राउन’ म्हणत. शब्द कसे मुकाट्याने हवामानाला शरण जातात पहा.

चांगल्या खेळाडूला एका भोकासाठी जितके टोले लागावेत त्या संख्येला ‘पार’ म्हणतात. ग्रीनवर पोहोचण्यास लागणारे टोले, अधिक तिथे गेल्यावर हलक्या हाताने दोन. असा तो हिशेब. जवळचे भोक तीन पारचे, मध्यम चारचे, लांबचे पाचचे. पारपेक्षा एक टोला कमी लागला तर ‘बर्डी’, म्हणजे पाखरू. दोन कमी तर ‘ईगल’, म्हणजे गरुड. तीन कमी लागले तर ‘अल्बट्रॉस’, म्हणजे समुद्रावरचा तो प्रचंड पक्षी. पुण्य जितके मोठे तितका पक्षी मोठा! आणि एक टोला जास्त लागला तर ‘बोगी’. ही आपली रेल्वेची बोगी नव्हे. १८९० च्या सुमारास इंग्लंडात ‘बोगी मॅन’चे, म्हणजे बागुलबुवाचे, एक गाणे लोकांच्या तोंडी होते. प्रत्येक भोकासाठी ठरवलेल्या टोल्यांच्या आकड्याशी झुंजता झुंजता कोणी तरी म्हणाले की हा आकडा म्हणजे बागुलबुवाच आहे. झाले! पुढे त्या काल्पनिक खेळाडूला ‘कर्नल’ ही पदवीही मिळाली. १९१४ साली ‘कर्नल बोगी’ नावाचे कवायतीचे संगीत निघाले, आणि १९५७ च्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या चित्रपटात कैदी सैनिक शिटीवर जी धून वाजवीत येतात ती तीच. ज्यांनी गोल्फची काठी कधी हातात धरली नाही, अशा लक्षावधी लोकांनी गोल्फचा बागुलबुवा शिटीवर वाजविला आहे.

पण या साऱ्या शब्दांत मला भावला तो एक साधा, किंचित हास्यास्पद शब्द : ‘डॉगलेग’. कुत्र्याची तंगडी.

कुत्रा उभा असताना त्याचा मागचा पाय पहा. वरून सरळ खाली येतो आणि मध्येच कोन करून वळतो. काही भोकांचा फेअरवे असाच असतो. टीपासून दोन-सव्वादोनशे यार्ड सरळ जातो आणि मग डावीकडे किंवा उजवीकडे मुरडतो. काही फाजील ठिकाणी तो दोनदा मुरडतो. त्याला दुहेरी डॉगलेग म्हणतात. तीन पारच्या भोकाला मात्र ही मुरड नसते, कारण तिथे पहिल्याच टोल्यात ग्रीन गाठायचे असते. डॉगलेग हवे तर निदान चार पारचे भोक हवे. आपल्याकडे हा शब्द गोल्फवाल्यांपेक्षा घर बांधणाऱ्यांना अधिक ठाऊक आहे. चाळीत किंवा बंगल्यात जिना अर्धा चढून गेल्यावर चौकात उलट वळून पुन्हा चढतो ना, त्या जिन्याला आपले अभियंते आणि ठेकेदार ‘डॉगलेग जिना’च म्हणतात. म्हणजे आपल्यापैकी किती तरी जण कुत्र्याच्या तंगडीवरून रोज खालीवर करीत असतात आणि त्यांना त्याचा पत्ता नसतो.

वळण मुद्दाम का ठेवावे? कधी जमीनच तशी असते. मध्ये ओढा येतो, टेकडी येते, झाडी येते. पण मैदान आखणाऱ्यांना लवकरच उमगले की वळणात खेळाची खरी गंमत आहे. समजा, टीपासून वळणापर्यंत २३० यार्ड आणि वळणापासून भोकापर्यंत १७० यार्ड आहेत, आणि वळण काटकोनी आहे. वाटेने गेले तर ४०० यार्ड. पण शाळेतला पायथागोरस आठवा. कर्णाने सरळ गेले तर सुमारे २८६ यार्डच भरतात. एकशेचौदा यार्डांची बचत! मात्र त्या कोपऱ्यात झाडी, पाणी नाही तर वाळू मांडून ठेवलेली असते. टोला साधला तर शहाणा ठरलात. चुकला तर चेंडू शोधीत झुडपांत हिंडा. लोभ आणि संयम यांचा झगडा पाहायचा असेल तर डॉगलेगच्या टीवर उभ्या असलेल्या मनुष्याचे तोंड पहावे.

सेंट अँड्रूजचे सतरावे भोक याचा नामांकित नमुना आहे. तिथे वाट उजवीकडे वळते आणि त्या कोपऱ्यावर पूर्वी रेल्वेच्या छपऱ्या होत्या. आज त्यांच्याच नमुन्याचे बांधकाम उभे आहे, आणि खेळाडू आजही त्या छपरांवरून, पलीकडचे काही दिसत नसताना, टोला मारतात. अमेरिकेत ऑगस्टा येथे, जिथे १९३४ पासून ‘मास्टर्स’ ही स्पर्धा होते, तेरावे भोक डावीकडे वळते आणि त्याच्या कडेने एक ओढा वाहतो. खेळाडूंच्या अंगात बळ वाढले, काठ्या सुधारल्या, आणि मंडळी तो कोपरा सहज ओलांडू लागली. तेव्हा २०२३ साली तिथली टी मागे सरकवून भोक ५१० यार्डांवरून ५४५ यार्डांचे केले. या ऑगस्टाची आखणी करणाऱ्यांपैकी अॅलिस्टर मॅकेंझी हा मूळचा डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात असताना बोअर शेतकरी आपले खंदक जमिनीत कसे बेमालूम लपवितात हे त्याने न्याहाळले. आणि पुढे तीच विद्या गोल्फच्या मैदानावर वापरली. शत्रूकडून शिकलेली लपवाछपवी शेवटी खेळाच्या कामी आली.

सर्वांत गमतीचा किस्सा मात्र १९७९ सालचा. अमेरिकेतल्या ओहायो संस्थानात टोलिडो येथे राष्ट्रीय खुली स्पर्धा चालू होती. आठव्या भोकाला वळण होते. लॉन हिंकल नावाच्या खेळाडूने काय करावे? त्याने चेंडू शेजारच्या सतराव्या भोकाच्या फेअरवेवर मारला आणि आडवाटेने वळण चुकविले. नियमात बसत होते. कोणी हरकत घेऊ शकेना. त्या रात्री अधिकाऱ्यांनी एक पंचवीस-एक फुटी झाड आणून नेमके त्या आडवाटेच्या तोंडाशी लावून टाकले! सकाळी खेळाडू येऊन पाहतात तो काल जिथे आकाश होते तिथे झाड. आपल्याकडे रातोरात झाडे नाहीशी होतात असे ऐकतो. रातोरात उगवलेले झाड हे त्यातल्या त्यात शुभवर्तमान म्हणायचे. ते झाड ‘हिंकलचे झाड’ म्हणून प्रसिद्धी पावले.

चेंडूच वाकवून वळण पार करण्याचीही एक युक्ती आहे. हवेत जाताना चेंडू स्वतःभोवती फिरतो आणि त्या फिरकीप्रमाणे डावीकडे वा उजवीकडे झुकतो. आपला फिरकी गोलंदाज हवेत चेंडू वळवितो, त्यातलाच हा प्रकार. एडिंबरोचे प्राध्यापक पीटर टेट यांनी १८९० च्या दशकात फिरकीमुळे चेंडू हवेत तरंगून दूर कसा जातो याचे गणित मांडले. त्यांचा मुलगा फ्रेडी हा दोनदा हौशी खेळाडूंचा विजेता झाला होता. १९०० साली, मॅकेंझी ज्यात होता त्याच बोअर युद्धात, तो कामी आला. खेळाच्या इतिहासात अशी साम्राज्याची सावली वारंवार पडते. ती टाळून पुढे जाता येत नाही.

तीच सावली आता आपल्याला नाशकात परत आणते.

नाशिककराला वळणाचे महत्त्व शिकवावे लागत नाही. त्र्यंबकेश्वराकडून पूर्वेला येणारी गोदामाई रामकुंडापाशी दक्षिणेकडे वळते, आणि ती जिथे वळते तिथेच आपण स्नानाला जातो. नदी सरळ वाहत असती तर तिथले पाणी तेच असते. पण तीर्थ वळणावर झाले. जिथे वाट बदलते तिथे मनुष्य थांबतो आणि मागे-पुढे पाहतो. आपल्या गावच्या इतिहासातही अशी एक जागा आहे.

२१ डिसेंबर १९०९ ची रात्र. नाशकाच्या विजयानंद नाट्यगृहात गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ व्हायचे होते. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि निरोपाचा तो समारंभ होता. जॅक्सन संस्कृतचे व्यासंगी. पण बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या खटल्याशी त्यांचे नाव जोडलेले होते. साहेब नाटकगृहात शिरले आणि अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठरा वर्षांच्या आसपासच्या तरुणाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना फाशी झाली.

ज्या राजवटीचे अधिकारी फुरसतीच्या वेळी काठी-चेंडू घेऊन गोल्फच्या मैदानावर उतरत, त्याच राजवटीच्या कलेक्टरावर गोळी झाडणाऱ्या मुलाचे नाव आज गोल्फ क्लबच्या मैदानाला आहे. अठरा भोकांच्या गोल्फला शंभर-सव्वाशे एकरांहून अधिक जागा लागते. आजच्या या क्रिकेटच्या गोलात ती मावणारच नाही. म्हणजे जे उरले ते मूळ विस्ताराचा एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर दोन नावे. एक पिशवीतल्या काठ्यांचे, एक फासाच्या दोराचे.

आणखी एक माणूस या चित्रात हवा, ज्याचे नाव कोणत्याच पाटीवर नाही : साहेबांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन चालणारा पोऱ्या. त्याला ‘कॅडी’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच ‘कॅडेट’वरून आला. कॅडेट म्हणजे तरुण लष्करी उमेदवार! मान उमेदवाराचा आणि काम हमालाचे. हिंदुस्थानात हे काम आपल्याच गरिबांच्या मुलांनी केले. खेळ त्यांच्या मालकीचा नव्हता. पण कोणत्या वळणावर कोणती काठी काढावी हे त्यांना साहेबापेक्षा अधिक कळे. या पिशव्या वाहणाऱ्यांतूनच पुढे खेळाडू निघाले. अली शेर हा दिल्लीतला एके काळचा कॅडी. १९९१ साली त्याने ‘इंडियन ओपन’ जिंकली, आणि १९९३ साली पुन्हा एकदा. ज्याच्या खांद्यावर पिशवी होती, त्याच्या हातात करंडक आला. इतिहासाचा हा डॉगलेग टीवर उभे राहून कोणालाच दिसला नसता.

शब्दांची ये-जा एकतर्फी नव्हती हेही सांगितले पाहिजे. साहेबाने आपल्याला गोल्फ, पार, बोगी दिले. आपल्या नाशिक जिल्ह्याने साहेबाला एक शब्द दिला. देवळालीला १८६१ पासून लष्कराचा मुक्काम होता. मुदत संपलेले गोरे सैनिक विलायतेच्या बोटीची वाट पाहत तिथे महिनोन्महिने पडून असत. ऊन, कंटाळा आणि ज्वर यांनी त्यांची डोकी फिरत. अशा माणसाला सैनिक ‘डुलाली टॅप’ झाला म्हणू लागले : डुलाली म्हणजे देवळाली, आणि टॅप म्हणजे आपला ताप! आजही इंग्रजी बोलणारा मनुष्य भ्रमिष्टाला ‘डुलाली’ म्हणतो, तेव्हा त्याला ठाऊक नसते की तो नाशिक रोडच्या पुढच्या स्टेशनाचे नाव घेतो आहे. रिक्षावाल्याला गोल्फ ठाऊक नाही आणि त्याला देवळाली ठाऊक नाही, फिटंफाट झाली.

आपल्या खेळातही हेच नाही का? विटीदांडू खेळताना आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे मोजत आलो. अर्थ कोणी विचारला? तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू म्हणतात. कोणत्या काळी, कोणाच्या संगतीने हे आकडे आपल्या अंगणात आले ते पोरांना ठाऊक नव्हते. त्यांनी ते जपले मात्र पोथीसारखे. राजवटी जातात, मैदाने आकसतात, खेळणारे मातीत मिसळतात. खेळातले शब्द मात्र मुलांच्या, रिक्षावाल्यांच्या आणि शिटी वाजविणाऱ्यांच्या तोंडी राहतात. त्यांत इतिहास झोपलेला असतो. कोणी तरी नऊ वर्षांचे पोर येऊन त्याला हलवावे लागते.

मग खरे नाव कोणते? काही जण म्हणतील, साहेबाच्या क्लबाचे नाव आता तोंडातूनही पुसून टाकावे. मला तसे वाटत नाही. ते नाव पुसले तर कान्हेऱ्यांचे नाव तिथे का आले हेही हळूहळू पुसले जाईल. कशाच्या जागी काय आले हे ज्याला ठाऊक नाही, त्याला आलेल्याची किंमत कशी कळावी? पण उलट बाजूची चूक आपण रोज करतो आहोत. सोयीचे दोन शब्द उच्चारतो आणि हुतात्म्याचे नाव कागदपत्रांपुरते ठेवतो. अठराव्या वर्षी जो मुलगा फासावर गेला, त्याच्या नावाला रिक्षात जागा नाही, ही गोष्ट बरी नव्हे. गोल्फ क्लब म्हणू नये असे माझे म्हणणे नाही. एवढेच म्हणू नये, असे आहे.

मग नातीला फोन केला आणि हे सारे सांगितले. हिंकलच्या झाडाशी ती पोट धरधरून हसली. कान्हेऱ्यांच्या गोष्टीशी मात्र गप्प झाली. मग म्हणाली, “आजोबा, तो मुलगा आमच्या दादाएवढाच होता की हो.” तिचा दादा यंदा बारावीला आहे.

या दिवाळीत ती पुन्हा येणार आहे. स्टेशनवरून रिक्षा करताना काय म्हणायचे ते आमचे ठरले आहे : “हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान.” रिक्षावाला क्षणभर मागे वळून पाहील. मग आम्ही सांगू, “म्हणजे गोल्फ क्लब हो.” त्याने विचारलेच, तर वाटेत बाकीची हकीकतही सांगू. रस्ता तेवढा लांब आहे, आणि त्यात वळणेही पुष्कळ आहेत.